प्रकाशाचे गणित आणि उंबरठ्याचा हिशोब

विजेऐवजी प्रकाशाकडून गणित करून घेणाऱ्या यंत्रांना सुमारे सत्तर वर्षांचा इतिहास आहे. या काळात विद्यापीठांच्या प्रयोगशाळांतून बाहेर पडलेल्या छोट्या संशोधक-गटांनी अशी यंत्रे पुन्हा पुन्हा उभारली, त्यांच्यासाठी कंपन्या काढल्या, भांडवल जमवले आणि संगणनात क्रांती घडवण्याचे आश्वासन दिले. त्यांतील काही यंत्रांनी आपल्या काळातील कोणत्याही इलेक्ट्रॉनिक संगणकाला न पेलणारे काम करून दाखवले, तर बहुतेक यंत्रे प्रयोगशाळेच्या टेबलावरच राहिली. प्रत्येक पिढीने प्रकाशाचे तेच तीन गुण पुढे केले: त्याचा वेग, एकमेकांना छेदूनही निर्वेध पुढे जाणारे त्याचे किरण आणि तारेतून वाहणाऱ्या विजेसारखी उष्णता न निर्माण करता होणारा त्याचा प्रवास. हे तिन्ही गुण खरे असले, तरी यशापयशाचा निवाडा त्यांच्यावर झालेला दिसत नाही. माहिती प्रकाशात उतरवायला आणि गणित झाल्यावर ती प्रकाशातून परत काढायला किती वेळ, किती ऊर्जा आणि किती अचूकता खर्ची पडते, या उंबरठ्यावरच्या हिशोबाने बहुतेक वेळा यंत्राचे भवितव्य ठरवले.

प्रकाश गणित करतो याचा अर्थ आधी स्पष्ट करणे आवश्यक आहे. कोणतेही चित्र कमी-अधिक दाट, वेगवेगळ्या दिशांना झुकलेल्या उजेड-अंधाराच्या पट्ट्यांची बेरीज म्हणून मांडता येते, आणि चित्रातून हे पट्टे वेगळे काढण्याच्या गणिती क्रियेला फूरिए रूपांतर म्हणतात. ज्याच्या सर्व लहरी एका तालात चालतात असा, म्हणजे सुसंगत, प्रकाश एखाद्या पारदर्शक चित्रातून गेला आणि पुढे बहिर्गोल भिंगातून गेला, तर भिंगाच्या नाभीय प्रतलात त्या चित्राचे फूरिए रूपांतर आपोआप उमटते: दाट पट्ट्यांचा प्रकाश मध्यापासून दूर आणि विरळ पट्ट्यांचा प्रकाश मध्याजवळ गोळा होतो. येना येथे सूक्ष्मदर्शकांवर काम करणाऱ्या एर्न्स्ट आबे यांनी प्रतिमा कशी तयार होते याचा जो सिद्धान्त १८७३ मध्ये मांडला, त्यात या कल्पनेचे बीज होते. नाभीय प्रतलात काही ठिपके अडवले की अंतिम प्रतिमा बदलते, हे पुढे १९०६ मध्ये पोर्टर यांनी प्रयोगाने दाखवले. फ्रिट्स झेर्निके यांनी त्याच प्रतलात प्रकाशलहरीची कला, म्हणजे तिच्या चढउताराची वेळ, बदलून पारदर्शक पेशी सूक्ष्मदर्शकाखाली दृश्य केल्या आणि त्यासाठी त्यांना १९५३ चे नोबेल पारितोषिक मिळाले. त्याच वर्षी मारेशाल आणि क्रोस या फ्रेंच संशोधकांनी नाभीय प्रतलात योग्य गाळणी बसवून छायाचित्रांतील तपशील अधिक उठावदार करून दाखवले. भिंग हे गणनयंत्र होऊ शकते, हे इथपर्यंत सिद्ध झाले होते. कमतरता होती ती अशा प्रश्नाची, जो सोडवण्यासाठी दुसरा मार्गच उपलब्ध नसेल.

तो प्रश्न रडारने उभा केला. विमानातील रडारला जमिनीचे बारीक तपशील टिपायचे असतील, तर अँटेना अतिशय लांब असावी लागते आणि तेवढी लांब अँटेना विमानावर बसत नाही. यावर गुडइयर कंपनीतील कार्ल वायली यांनी १९५१ मध्ये तोड सुचवली. विमान पुढे सरकत असताना छोट्या अँटेनाला क्रमाने मिळणारे प्रतिध्वनी साठवून ठेवले आणि नंतर त्यांच्या कला जुळवून त्यांची बेरीज केली, तर विमानाने कापलेले अंतर हीच जणू अँटेनाची लांबी होते. या पद्धतीला सिंथेटिक ॲपर्चर रडार, म्हणजे संश्लेषित अँटेनाचे रडार, म्हणतात. कल्पना उत्तम असली, तरी जमिनीवरील प्रत्येक बिंदूसाठी शेकडो प्रतिध्वनींचा असा मेळ घालणे म्हणजे प्रचंड आकडेमोड होती आणि व्हॅक्यूम ट्यूबवर चालणाऱ्या, तुटपुंज्या स्मृतीच्या तत्कालीन संगणकांना ती झेपणारी नव्हती.

मिशिगन विद्यापीठाच्या विलो रन प्रयोगशाळेत या अडचणीवर उत्तर सापडले. दुसऱ्या महायुद्धात फोर्ड कंपनीने जेथे बी-२४ बॉम्बफेकी विमाने बांधली, त्याच धावपट्टीलगत ही प्रयोगशाळा होती आणि अमेरिकी लष्कराच्या पैशावर तेथे 'प्रोजेक्ट मिशिगन' चालत होता. लुई कट्रोना यांच्या नेतृत्वाखालील गटात एमेट लीथ, सी. जे. पालेर्मो आणि लिओनार्ड पॉर्सेलो हे तरुण संशोधक होते. रडारचे प्रतिध्वनी छायाचित्रणाच्या फिल्मवर नोंदवायचे आणि त्या फिल्ममधून प्रकाश पाठवून भिंगांकडून बेरीज करून घ्यायची, असा मार्ग त्यांनी निवडला.

या यंत्राची रचना बारकाईने पाहण्याजोगी आहे. प्रत्येक प्रतिध्वनी कॅथोड किरण नळीच्या पडद्यावर एका उजळ-मंद रेघेच्या रूपात उमटे आणि पडद्यासमोरून संथपणे सरकणाऱ्या फिल्मवर ती रेघ आडवी नोंदली जाई. त्यामुळे फिल्मच्या रुंदीवर लक्ष्याचे अंतर आणि लांबीवर विमानाचा प्रवास मांडला जात असे. जमिनीवरील एकच बिंदू घेतला, तर विमान त्याच्या जवळ येऊन दूर जाईपर्यंत प्रतिध्वनीची कला बदलत राहते, म्हणून फिल्मच्या लांबीवर त्या बिंदूची खूण मध्ये विरळ आणि दोन्ही टोकांकडे दाट होत जाणाऱ्या पट्ट्यांच्या रूपात उमटते. असा पट्ट्यांचा समूह स्वतःच भिंगासारखा वागतो: त्यातून सुसंगत प्रकाश सोडला की तो पुढे एका ठिकाणी एकवटतो आणि मूळ बिंदूची प्रतिमा तयार होते. दूरच्या बिंदूंचा प्रकाश अधिक लांबवर आणि जवळच्यांचा अलीकडे एकवटत असल्याने सगळे चित्र एका प्रतलात आणण्यासाठी शंकूच्या आकाराचे भिंग लावावे लागले आणि फिल्मच्या रुंदीची दिशा सांभाळण्यासाठी त्याला दंडगोलाकार भिंगाची जोड द्यावी लागली. लेसरचा शोध अद्याप लागलेला नव्हता, म्हणून प्रकाशासाठी पाऱ्याचा दिवा वापरून त्याचा झोत बारीक छिद्रातून घेतला जाई. फिल्मच्या जाडीतील अगदी सूक्ष्म चढउतारही प्रकाशाची कला बिघडवतात, म्हणून अशा यंत्रांत फिल्म काचेच्या दोन सपाट तबकड्यांमधील द्रवातून सरकवण्याची पद्धत रूढ झाली. द्रवाचा अपवर्तनांक फिल्मच्या अपवर्तनांकाशी जुळता असल्याने ते चढउतार प्रकाशाला जाणवत नसत.

ऑगस्ट १९५७ मध्ये या यंत्राने रडारची पहिली सुस्पष्ट प्रतिमा दिली आणि पुढील सुमारे दोन दशके या प्रकारच्या रडारची चित्रे मुख्यतः भिंगांनीच काढली. या यशाचे कारण उंबरठ्याच्या हिशोबात होते. तेवढी माहिती साठवण्यासाठी फिल्मइतक्या क्षमतेचे दुसरे साधनच त्या काळी नव्हते, त्यामुळे माहिती प्रकाशासाठी वेगळी रूपांतरित करावी लागत नव्हती. उत्तरही छायाचित्र म्हणूनच हवे होते आणि ते पाहणार माणूसच होता. म्हणजे प्रवेशाचा आणि निर्गमनाचा खर्च त्या कामात आधीच धरलेला होता, आणि मधले अवाढव्य गणित भिंगे जवळजवळ फुकट करीत होती.

विलो रनच्या गटाने १९६० मध्ये प्रकाशीय माहिती-संस्करणावरील आपला मूलभूत निबंध प्रसिद्ध केला आणि या विषयाला स्वतंत्र विद्याशाखेचे रूप आले. रडारच्या फिल्मचे गणित मांडताना लीथ यांच्या ध्यानात आले होते की ही क्रिया म्हणजे तरंगाची संपूर्ण नोंद करून तो पुन्हा उभा करणे आहे. डेनिस गाबोर यांनी हेच तत्त्व १९४८ मध्ये होलोग्राफीच्या रूपाने मांडले होते, हे त्यांना नंतर कळले. युरिस उपाटनिएक्स यांच्यासह त्यांनी १९६४ पर्यंत लेसरच्या साह्याने त्रिमित वस्तूंचे होलोग्राम तयार केले. त्याच प्रयोगशाळेतील अँथनी वँडर लुख्ट यांनी १९६४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पद्धतीत नाभीय प्रतलातील गाळणीच होलोग्राम म्हणून तयार केलेली होती, आणि तिच्यामुळे छापील पानावर एखादे अक्षर कोठे कोठे आले आहे ते प्रकाशाच्या ठिपक्यांनी एकाच वेळी दाखवता येऊ लागले. यंत्राला पाहता येईल अशी मोठी आशा या शोधाने निर्माण केली. मात्र शोधायची आकृती थोडी फिरली किंवा तिचा आकार बदलला की ठिपका मंदावत असे, आणि गाळणी अत्यंत काटेकोरपणे जागेवर बसवावी लागत असे.

या वातावरणात ॲन आर्बर शहरात नव्या कंपन्या निघाल्या. विद्यापीठातील प्राध्यापक कीव्ह सीगल यांनी १९६० मध्ये स्थापन केलेली कंडक्ट्रॉन ही त्यांतील ठळक कंपनी होय. रडार आणि प्रकाशशास्त्र यांच्या जोरावर उभ्या राहिलेल्या या कंपनीने १९६७ मध्ये एका अमेरिकी विज्ञान-वार्षिकासाठी होलोग्रामच्या प्रती मोठ्या संख्येने तयार केल्या. विद्यापीठातील ज्ञान, संरक्षण खात्याचा पैसा आणि खासगी उद्योजकता यांचा जो मेळ आज स्टार्टअप या नावाने ओळखला जातो, तो प्रकाशीय यंत्रांच्या क्षेत्रात इतक्या आधी जमलेला होता.

फिल्मचा उंबरठा किती अवघड ठरू शकतो, हे डिसेंबर १९७२ मधील अपोलो १७ च्या मोहिमेत दिसले. चंद्राच्या पृष्ठभागाखालचे थर शोधणाऱ्या रडारने आपली नोंद फिल्मवर केली होती आणि ती पृथ्वीवर प्रकाशीय यंत्रातून जाणार होती; परंतु फिल्म यानाच्या बाहेरच्या कप्प्यात असल्याने परतीच्या वाटेवर रोनाल्ड इव्हान्स या अंतराळवीराला यानाबाहेर पडून ती आत आणावी लागली. ज्या माहितीला माणसाने जाऊन हातात घ्यावे लागते, तिच्यावरचे गणित कितीही वेगाने झाले तरी एकूण काम वेगवान होत नाही.

दरम्यान इलेक्ट्रॉनिक संगणकांची बाजू बळकट होत होती. कूली आणि ट्युकी यांनी १९६५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या जलद फूरिए रूपांतराच्या पद्धतीने तेच गणित पूर्वीच्या तुलनेत अतिशय थोड्या पायऱ्यांत करता येऊ लागले आणि एकात्मिक मंडलांमुळे त्या पायऱ्याही दरवर्षी स्वस्त होत गेल्या. जून १९७८ मध्ये समुद्रनिरीक्षणासाठी सोडलेला सीसॅट उपग्रह साडेतीन महिन्यांतच निकामी झाला, तरी त्याच्या रडारने दोन युगांचा सांधा दाखवून दिला: त्याच्या माहितीपैकी बरीचशी फिल्मवर उतरवून भिंगांनी संस्कारित केली गेली, तर त्याच वर्षी कॅनडातील मॅकडोनाल्ड डेटविलर कंपनीने संगणकावर त्याच माहितीची प्रतिमा तयार केली. संगणकाला एका प्रतिमेसाठी कित्येक तास लागले. तरीही त्याच्या प्रतिमेत उजळ-मंदाचे मोजमाप नेमके होते, दुरुस्त्या आज्ञावलीत करता येत होत्या आणि प्रत नक्कल करताना खराब होत नव्हती. पुढच्या उपग्रहांनी हाच मार्ग घेतला. भारत आणि अमेरिका यांचा ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोटा येथून सोडलेला निसार हा उपग्रह विलो रनच्याच तत्त्वावर चालतो, पण त्याच्या प्रतिमा पूर्णपणे अंकीय गणनेतून तयार होतात.

रडार हातचे गेले, तरी एका कोपऱ्यात प्रकाशीय गणना टिकून राहिली आणि तिच्या मुळाशी भारतीय संशोधन आहे. द्रवात किंवा स्फटिकात ध्वनिलहरी सोडल्या की तेथे घनतेचे पट्टे तयार होतात आणि त्यातून जाणारा प्रकाश निरनिराळ्या दिशांना वळतो. या घटनेचे गणिती विवेचन चंद्रशेखर वेंकट रामन आणि नागेंद्र नाथ यांनी १९३५-३६ मध्ये बंगळूर येथे केले. या परिणामावर आधारलेल्या वर्णपटमापकात रेडिओ दुर्बिणीला मिळालेला संकेत ध्वनिलहरींच्या रूपाने स्फटिकात सोडतात आणि संकेतातील प्रत्येक वारंवारतेचा प्रकाश वेगळ्या कोनात वळून संवेदकांच्या रांगेवर पडतो. १९९८ मधील स्वॉस, २००१ मधील ओडिन आणि २००९ मधील हर्शेल या अवकाश-वेधशाळांवर अशी उपकरणे होती. येथेही हिशोब जमत होता, कारण संकेत मुळातच लहरींच्या रूपात होता, उत्तर काही हजार आकड्यांत मावत होते आणि उपकरणाला फारच थोडी वीज पुरत होती.

सर्वसाधारण संगणकाची जागा घेण्याचे प्रयत्न मात्र फसले. एका प्रकाशकिरणाने दुसऱ्याला चालू-बंद करणाऱ्या स्विचवर बेल लॅबोरेटरीजमध्ये मोठे काम झाले आणि ॲलन हुआंग यांच्या गटाने जानेवारी १९९० मध्ये प्रकाशावर चालणारे अंकीय संस्कारक जाहीर केले. परंतु प्रकाशाचे किरण एकमेकांवर सहजासहजी परिणाम करीत नाहीत, हा जो गुण दळणवळणात उपयोगी पडतो, तोच तर्कशास्त्रीय स्विच बनवताना आड येतो. आयबीएममधील रॉल्फ लँडावर आणि रॉबर्ट कीज यांनी ही मर्यादा त्या काळीच निदर्शनास आणली होती, आणि ज्यांच्या शोधांवर बेल लॅबोरेटरीजचे स्विच आधारलेले होते त्या डेव्हिड मिलर यांनीही २०१० मध्ये प्रकाशीय ट्रान्झिस्टरला कोणत्या कसोट्या पार कराव्या लागतील ते परखडपणे मांडले.

यातून सुटण्याची वाट स्टॅनफर्ड येथील जोसेफ गुडमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७८ मध्येच दाखवली होती. तर्कशास्त्राचा नाद सोडून प्रकाशाला केवळ गुणाकार आणि बेरीज करायला लावायची, ही ती वाट. प्रकाशस्रोतांची एक रांग आकड्यांची मालिका दर्शवते, प्रत्येक स्रोताचा प्रकाश एका चौकटीदार पटलाच्या संपूर्ण स्तंभावर पसरवला जातो, पटलाचा प्रत्येक चौकोन आपल्या पारदर्शकतेच्या प्रमाणात प्रकाश जाऊ देतो म्हणजे गुणाकार करतो, आणि प्रत्येक ओळीतील प्रकाश एका संवेदकावर एकत्र येतो म्हणजे बेरीज होते. आकड्यांच्या अशा चौकटीला सारणी म्हणतात. या रचनेचा हिशोब मोलाचा आहे: रांगेत २५६ आकडे असतील, तर ६५,५३६ गुणाकार एका झटक्यात होतात, पण उंबरठा ओलांडतात ते केवळ २५६ आत जाणारे आणि २५६ बाहेर येणारे आकडे. सारणी जितकी मोठी, तितका प्रत्येक प्रवेशामागे अधिक गुणाकारांचा लाभ. अट एवढीच, की पटलावरचे आकडे वारंवार बदलावे लागू नयेत.

इस्रायलमधील लेन्सलेट या १९९९ मध्ये स्थापन झालेल्या कंपनीने नेमके हेच यंत्र बाजारासाठी बांधले. २००३ मध्ये जाहीर झालेल्या तिच्या 'एनलाइट २५६' मध्ये २५६ सूक्ष्म लेसर, २५६ गुणिले २५६ चौकोनांचे पटल आणि २५६ संवेदक होते. सेकंदाला साडेबारा कोटी वेळा ही क्रिया होत असल्याने एकूण गुणाकार सेकंदाला सुमारे ८ लाख कोटी होत. त्या काळच्या संकेत-संस्करण चिपच्या तुलनेत हा आकडा प्रचंड होता, तरी यंत्र बाजारात टिकले नाही. ज्यांना इतके सारणी-गुणाकार अखंड हवे आहेत आणि ज्यांना आठ बिटांच्या आसपासची अचूकता पुरते, असे ग्राहक त्या वेळी मोजकेच होते.

असे ग्राहक पुढे हजारोंनी निर्माण झाले. २०१२ पासून चित्रे ओळखणारी कृत्रिम चेतापेशींची जाळी यशस्वी होऊ लागली आणि त्या जाळ्यांचे बहुतेक काम सारणी-गुणाकाराचेच असते. गूगलने २०१५ पासून स्वतःच्या केंद्रांत वापरलेल्या टीपीयू या चिपची रचना येथे बोलकी आहे: तिच्यातही २५६ गुणिले २५६ म्हणजे ६५,५३६ गुणक होते, अचूकता आठ बिटांचीच होती, फक्त गुणक इलेक्ट्रॉनिक होते आणि ते सेकंदाला ७० कोटी ठोक्यांनी चालत. लेन्सलेटच्या यंत्राचा साचा बारा वर्षांनी सिलिकॉनमध्ये उतरला, तेव्हा तो पाचपटींहून वेगवान झालेला होता. लेन्सलेटला गरज हेरता आली होती. काळ मात्र प्रतिस्पर्ध्याच्या बाजूने होता.

नव्या पिढीचा आरंभ २०१७ मध्ये एमआयटीतील एका निबंधाने झाला. यिचेन शेन, निकोलस हॅरिस आणि सहकाऱ्यांनी सिलिकॉन चिपवर ५६ व्यतिकरणमापक कोरले होते. व्यतिकरणमापक म्हणजे प्रकाशाची वाट दोन फाट्यांत विभागून, एका फाट्यातील लहरीला किंचित विलंब लावून, त्या पुन्हा एकत्र आणणारी रचना, आणि विलंब बदलून दोन लहरींच्या मिश्रणाचे प्रमाण हवे तसे ठरवता येते. अशा घटकांच्या जाळीतून कोणतीही सारणी घडवता येते. माणसांच्या उच्चारातील स्वर ओळखण्याच्या चाचणीत या चिपची अचूकता ७६.७ टक्के आली, तर साध्या संगणकाची ९१.७ टक्के. तफावत प्रामाणिकपणे नोंदवलेली असूनही या निबंधाने गुंतवणूकदारांचे लक्ष वेधले आणि त्याच्या लेखकांमधून लाइटमॅटर आणि लाइटेलिजन्स या दोन कंपन्या उभ्या राहिल्या.

या काळातील कंपन्यांच्या वाटचालीत एक समान वळण दिसते. पॅरिसमध्ये २०१६ साली स्थापन झालेल्या लाइटऑनने प्रकाश विखुरणाऱ्या माध्यमाचाच उपयोग करून मोठी यादृच्छिक सारणी गुणण्याचे यंत्र बनवले, पण पुढे ती कंपनी भाषा-प्रारूपांच्या सॉफ्टवेअरकडे वळली. ब्रिटनमधील ऑप्टालिसिसने भिंगांच्या फूरिए रूपांतरापासून सुरुवात केली आणि नंतर माहिती कूटबद्ध असतानाच तिच्यावर गणना करण्याच्या मर्यादित क्षेत्रावर लक्ष केंद्रित केले. लाइटमॅटरने एप्रिल २०२५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात तिच्या संस्कारकाने सेकंदाला ६५.५ लाख कोटी क्रिया केल्याची आणि प्रचलित जाळी चालवून दाखवल्याची नोंद आहे. त्यासाठी ७८ वॅट वीज आणि १.६ वॅट प्रकाश लागला. या दोन आकड्यांतील तफावत सगळा इतिहास सांगून जाते, कारण प्रकाशाचा स्वतःचा वाटा नगण्य आहे आणि उरलेला खर्च त्याच्याभोवतीच्या इलेक्ट्रॉनिक यंत्रणेचा आहे. याच कंपनीने आपला मुख्य व्यापार मात्र एका चिपकडून दुसऱ्या चिपकडे प्रकाशाने माहिती नेणाऱ्या जोडणीवर उभा केला आहे, म्हणजे गणिताऐवजी उंबरठाच विकायला घेतला आहे, आणि तो निर्णय शहाणपणाचा आहे.

या सत्तर वर्षांवरून प्रकाशीय गणना हा फसलेला मार्ग आहे असा निष्कर्ष काढणे अन्यायाचे होईल. विलो रनने नव्या रडारला दृष्टी दिली, त्याच प्रयोगशाळेतून त्रिमित होलोग्राम जन्माला आले, ध्वनि-प्रकाशीय उपकरणे अंतराळात पोहोचली आणि गुडमन यांच्या रचनेचा विचार आजही नव्या चिपमधून चालू आहे. यातील प्रत्येक यश अशा कामात मिळाले, जेथे माहिती लहरींच्या किंवा चित्राच्या रूपात आधीच हजर होती, किंवा एकदा आत घेतलेल्या आकड्यावर हजारो गुणाकार करायचे होते. म्हणून नवे प्रकाशीय यंत्र घेऊन येणाऱ्या कोणत्याही गटाला गुंतवणूकदाराने, विद्यापीठाने आणि शासनाने सर्वप्रथम एकच प्रश्न विचारावा: एक आकडा आत नेण्यासाठी आणि एक बाहेर काढण्यासाठी किती ऊर्जा लागते, आणि त्या दोन टप्प्यांच्या दरम्यान किती गणित होते? प्रकाशाच्या वेगाविषयीचे दावे त्यानंतर ऐकले तरी चालतील.